हिराजीदादांचं चालणं

हिराजीदादा शेळके आमचे शेजारी. आयुष्यातला बराच काळ त्यांना शेजारी म्हणून पाहिलं, पण पायी चालताना पाहिलं ते त्यांची साठी उलटून गेल्यावर. बाजारातलं पानाचं दुकान त्यांच्या ओटीवरून दिसायचं, तिथंसुद्धा ते मोटरसायकलला किक मारून जायचे. पान लावून होईपर्यंत गाडीवरून उतरायचे नाहीत. पान तोंडात गेलं की तशीच गाडी वळवून घरी.

जन्मभर ते एसटीवर ड्रायव्हर होते. कर्जतहून पनवेल, खोपोली, मुरबाड. रिटायर झाले तेव्हा सीटवर अंथरायचं लाकडी मण्यांचं आसन तेवढं बरोबर घेऊन आले आणि ओटीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते पसरलं. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत दादा त्या खुर्चीत. डावा हात गुडघ्यावर, मूठ अर्धी वळलेली, खाली गियरचा दांडा असल्यासारखी. समोरच्या रस्त्यावर एखाद्या नवशिक्यानं चढाला गियर चुकवला, की इकडे दादांची मूठ हलायची आणि चेहरा कळवळायचा. "रडवली रं गाडी," असं पुटपुटायचे आणि पुन्हा स्वस्थ.

अनसावहिनी म्हणजे त्यांची बायको, बरोबर याच्या उलट. त्यांचं माहेर वरच्या अंगाला, डोंगराकडे. लग्नाआधी सरपणाच्या मोळ्या घेऊन पायी आमच्या कशेळ्याच्या बाजाराला यायच्या. लग्नानंतर शेत, गुरं, नदीवरचं धुणं. त्यांना बसलेलं पाहायचं तर पंगतीतच. नवरा बसून थकतो आणि बायको चालून थकत नाही, असं आमच्या आळीत गमतीनं म्हटलं जायचं. दादा त्यावर म्हणायचे, "आमचं चालनं इंजिनात जमा हाय."

पुतण्याच्या हळदीत दादांच्या छातीत कळ आली. मांडवात पोरं नाचत होती, दादा कडेला खुर्ची टाकून बसले होते. गॅस झाला असेल म्हणून कुणीतरी सोडा आणून दिला. वहिनींनी त्यांच्या कपाळाचा घाम पाहिला आणि सोड्याचा ग्लास हातातून काढून घेतला. आम्ही त्यांना गाडीत घालून आधी कर्जतला आणि तिथून पनवेलला नेलं. हृदयात स्प्रिंग बसवली. रक्त तपासलं तेव्हा साखरही सापडली, आणि ती आजची नव्हती.

पुढच्या तपासण्या कर्जतला व्हायच्या. तिथल्या डॉक्टर म्हणजे वयानं दादांच्या मुलीसारखी एक बाई. ती त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही सगळं आयुष्य बसून काढलंत. हृदयाला आणि साखरेला, दोघांनाही बसणं मानवत नाही. रोज चाला. आणि चालून आलात की पुन्हा दिवसभर खुर्चीत बसू नका. मधूनमधून उठा."

"मी बसलेला असलो तरी गाडी चालत होती ना," दादा म्हणाले.

"गाडी चालली. तुम्ही नाही."

दादांनी ते हसण्यावारी नेलं. वहिनींनी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलची किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. दादा अंगणात उभे राहून किल्लीसाठी आरडाओरडा करत होते, आणि वहिनी पदर खोचून फाटकाबाहेर पडल्या. "यायचं तर या मागून," एवढंच म्हणाल्या. मागं वळूनही पाहिलं नाही. दादा थोडा वेळ उभे राहिले आणि मग निघाले. मी माझ्या दारातून हे पाहत होतो. माझीही साखर काठावर होती, आणि माझ्या बायकोनं मालतीनं मला त्याच सकाळी हातात चपला देऊन त्यांच्या मागं पाठवलं.

तेव्हापासून आमची तिघांची रांग सुरू झाली. पुढे वहिनी, मध्ये दादा, शेवटी मी. घरापासून पेज नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिले काही दिवस दादांची फार दैना झाली. पोटऱ्या दुखायच्या, धाप लागायची. "हळू चल गं, शर्यत हाय का?" असं ओरडायचे. वहिनी न वळता विचारायच्या, "का, मागं गाडी हाय का तुमच्या?"

चालण्यातही ते ड्रायव्हरच राहिले. पुढच्या माणसाला ओलांडायचं तर उजवा हात बाहेर काढायचे. वळण आलं की डावी बाजू धरायचे. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या रिसॉर्टकडे सुसाट निघायच्या, तेव्हा आम्हाला कडेला उभं करून स्वतः रस्त्याच्या बाजूला राहायचे आणि त्या ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. एकदा मुरबाडची एसटी आमच्या शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर दादांच्या हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "दादा, पायी का? बसा, सोडतो घरी." दादांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हे चढतात. त्यांनी दांड्याला हातही घातला. वहिनींनी खालूनच सांगितलं, "नाय बसनार ते. जा तू." गाडी गेली. दादा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "क्लच घासतोय लेकाचा," आणि चालायला लागले.

हळूहळू त्यांना चालण्याची गोडी लागली. कुणाला पटणार नाही, पण ज्या रस्त्यावरून त्यांनी निम्मं आयुष्य गाडी नेली तो रस्ता त्यांना नवीन वाटत होता. एकदा पुलाच्या अलीकडे थांबून मला म्हणाले, "भाऊ, हितं चढ हाय. मला ठावंच नव्हतं." एकदा कडेची काजूची झाडं पाहून विचारलं, ही कधी लावली. वहिनी म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवापासून हायत." दादा खजील झाले, पण त्यांना मजाही वाटली असावी. त्या दिवशी घरी येईपर्यंत ते प्रत्येक झाडाचं नाव विचारत होते आणि वहिनी सांगत होत्या.

वर्षभरात पोट उतरलं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. डॉक्टरबाईंनी एक गोळी कमी केली, तर दादांनी ती बातमी अख्ख्या बाजाराला सांगितली. बाजारातल्या बाकावर जे म्हातारे गप्पा मारत बसायचे त्यांच्यासमोर उभे राहून त्यांना दटावायचे, "उठा रं. बसून बसून मरायचं हाय का?" मण्यांचं आसन वहिनींनी धुऊन माळ्यावर टाकलं. दादांनी त्याची चौकशीही केली नाही.

मग ती सकाळ आली. गणपती नुकतेच उठले होते. घरभर पाहुणे राहून गेलेले, त्यामुळे गोधड्या-चादरींचा ढीग पडला होता. वहिनी म्हणाल्या की आज तुम्ही दोघंच जा, मी हे धुऊन टाकते. दादा अतिशय खुशीत होते. पुलावर पोहोचल्यावर म्हणाले, आज जरा पुढं जाऊ. आम्ही पुढं गेलो, वळणावरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घेतला आणि सावकाश परत फिरलो.

मागच्या दारी नळ चालूच होता. पाणी अंगणात येऊन पुढच्या पायरीपर्यंत वाहत आलं होतं. धुण्याच्या दगडाशेजारी वहिनी आडव्या पडल्या होत्या. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात ओल्या गोधडीखाली अडकलेला. किती वेळ पडल्या होत्या ते कुणालाच सांगता येईना. पनवेलला डॉक्टरांनी मेंदूतल्या गुठळीबद्दल समजावून सांगितलं. बोलता बोलता ते म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर," आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. दादा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पुढचं ऐकायला थांबल्यासारखे.

वहिनी घरी आल्या त्या खाटेवरच. उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं. तीन शब्द तेवढे उरले होते. हां, नको आणि बस. शेवटचा शब्द फक्त दादांसाठी होता. दादा खाटेजवळून उठले की त्या डाव्या हातानं त्यांचा सदरा पकडायच्या आणि म्हणायच्या, "बस." दादा बसायचे.

आम्हाला वाटलं, थोड्या दिवसांत सावरतील. पण दादा नजरेआड झाले की वहिनींच्या तोंडून एक आवाज सुरू व्हायचा. रडणंही नव्हे, हाक मारणंही नव्हे. तो आवाज आमच्या घरात ऐकू यायचा आणि मालती हातातलं काम टाकून उभी राहायची. त्यामागचं कारण समजायला डॉक्टर लागत नव्हता. आपण जमिनीवर पडलोय, हाक फुटत नाही आणि घरात कुणी नाही, हे त्या बाईनं एकदा भोगलं होतं.

मी म्हटलं, सकाळी मी आणि मालती येऊन बसतो, तुम्ही पुलापर्यंत जाऊन या. दादा नको म्हणत होते. शेवटी मालतीनं फार आग्रह केला म्हणून निघाले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत वहिनी दाराकडे पाहत गप्प होत्या. मग तो आवाज सुरू झाला. मालतीनं हात धरला, पाठ थोपटली, मी काहीबाही बोलत राहिलो. वहिनींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चांगल्या हातानं खाटेची कड धरून त्यांनी स्वतःला ओढलं, आणि आम्ही सावरेपर्यंत त्या खाली घसरल्या. दादा रस्त्यावरून धावत आले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी वहिनींना उचलून खाटेवर ठेवलं आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, "हाय गं. हितंच हाय."

त्या संध्याकाळी वहिनींचा डोळा लागल्यावर ते पायरीवर येऊन बसले. मी शेजारी होतो. ते म्हणाले, "ती पडली तवा मी मजेत चालत होतो, भाऊ. चा पीत होतो."

मी उठून फाटकाची कडी लावून आलो.

खुर्ची ओटीवरून खाटेशेजारी आली. माळ्यावरचं आसन खाली आलं. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली, वजन वाढलेलं, कमी झालेली गोळी परत सुरू. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरबाई चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही एवढं मिळवलेलं घालवताय. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी उठायला सांगता. मी उठलो की ती रडते. आता तुमीच सांगा, कोनाचं ऐकू?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, घराभोवती फेऱ्या मारा, तुमचा आवाज त्यांना येऊ द्या.

दादांनी ते मनावर घेतलं. पण फेऱ्या मारताना बोलायचं तरी काय? म्हणून ते कर्जत-पनवेल रस्त्यावरचे थांबे पुकारायला लागले. घराचा एक कोपरा कर्जत, दुसरा चौक, मागचा शेडुंग, चौथा पनवेल. "चला, चौक आलं, चौक," अशी हाळी यायची, आणि खिडकीतून वहिनींचं "हां" यायचं. रस्त्यानं जाणारी पोरं सुरुवातीला हसायची. मागच्या भिंतीआड आवाज पोहोचत नसे, म्हणून शेडुंगला दादा घसा फोडून ओरडायचे. कधी कधी वहिनींचं "हां" यायला उशीर झाला, तर दादा पनवेल सोडून सरळ घरात शिरायचे. काही महिने हे चाललं. पावसाळ्यात मागच्या बाजूला शेवाळ धरलं. दादा एकदा घसरून गुडघ्यावर आपटले, आणि त्यांच्या मुलानं, महेशनं फेऱ्या बंद करायला लावल्या.

महेश तळोज्याला कंपनीत कामाला. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये बायकोमुलांसह राहायचा आणि रविवारी यायचा. मुलगा चांगला. आईबाबांना आपल्याकडे नेतो म्हणाला, पण वहिनी गाडी पाहिली की आकांत करायच्या. दिवसा बाई ठेवून पाहिली, वहिनींनी तिला टिकू दिलं नाही. शेवटी एका रविवारी तो टेंपोतून चालण्याचं मशीन घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी ते बसवलं. बटण दाबलं की पट्टा सरकायचा. दादा दांडा धरून वर चढले आणि चालायला लागले.

वहिनी पाहत होत्या. पाय चालताहेत आणि नवरा मात्र तिथल्या तिथंच. त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून खुदकन हसू आलं. आजारानंतरचं पहिलं हसू. दादांनी मान वळवून पाहिलं, तर त्या अजून हसत होत्या. दादांनी उजवा हात बाहेर काढून ओलांडण्याची खूण केली. महेश तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला.

त्या दिवशी मी घरी येऊन मालतीला सांगितलं, सुटलो बुवा.

वीज जायची तेव्हा पट्टा थांबायचा, तेवढीच काय ती अडचण. एरवी दादा सकाळ-संध्याकाळ चालत होते. घरातच चालायचं म्हणून अनवाणी. एके दिवशी मालती वहिनींची वेणी घालायला गेली, तेव्हा तिला पट्ट्यावर काळपट डाग दिसले. तिनं दादांचा पाय वर करून पाहिला. टाचेशेजारी फोड फुटून आत जखम झाली होती, आणि दादांना त्याचा पत्ताच नव्हता. "दुखलं नाय कवा," ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी पाय हातात घेतला, टाचणीच्या टोकानं ठिकठिकाणी टोचून विचारलं, कळतं का? दादा नाही म्हणत राहिले. "दुखत नाही हेच वाईट आहे, काका. साखरेनं पायाची जाणीव गेलीय." आणि मग त्यांना ते सांगावं लागलं. जखम भरेपर्यंत चालायचं नाही. पायावर भार द्यायचा नाही.

"म्हंजे बसायचं," दादा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

जखम भरत नव्हती. वरून सुकल्यासारखी व्हायची आणि पुन्हा ओली दिसायची. दादा खुर्चीत, वहिनी खाटेवर, आणि मध्ये ते मशीन. त्याच्या दांड्यावर वहिनींची लुगडी वाळायला लागली. वहिनी मात्र त्या दिवसांत शांत होत्या. नवरा सतत डोळ्यांसमोर होता, त्यांना आणखी काही नको होतं. त्यांचं रडणं थांबलं म्हणून येणारेजाणारे समाधानानं बोलायचे. मी रोज जायचो, ड्रेसिंगला रिक्षा करून न्यायचो, पेपर वाचून दाखवायचो. दादांचे पाय सुजत चालले होते. संडासापर्यंत जाऊन आले तरी भिंतीला टेकून उभे राहायचे. आपण एका माणसाला डोळ्यांदेखत बुडताना पाहतोय, हे मला कळत होतं. दोर टाकायला हातही होते, पण दोर बांधायचा कुठं?

पुढच्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी त्यांना श्वास घेता येईना. महेशला फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली. अरुंद दारातून स्ट्रेचर आत वळेना, आणि दादांना आडवं होववत नव्हतं. म्हणून ॲम्ब्युलन्सबरोबरच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. वहिनींनी डावा हात पुढं केला. त्या म्हणत होत्या, "बस. बस." दादा बसलेलेच होते. त्यांनी वहिनींकडे पाहून मान हलवली, आणि त्यांची खुर्ची दाराबाहेर गेली.

दादा परत आले नाहीत. पनवेलच्या त्या हॉस्पिटलातच, थोडं बरं वाटतंय असं सगळे म्हणत असताना, एका पहाटे ते गेले. वहिनी आता महेशकडे कामोठ्याला असतात. मी भेटायला जातो. त्यांना सांगितलंय, पण समजलंय की नाही ते कुणालाच सांगता येत नाही. त्या दाराकडे तोंड करून असतात. तो आवाजही आता काढत नाहीत.

दादा जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो होतो. ऑक्सिजनची नळी काढलेली होती. चेहऱ्यावर थोडी टवटवी होती. ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. सिस्टर म्हणाली, आज यांना जरा चालवायचंय, पडून राहणं चांगलं नाही.

दादांनी मला विचारलं, "ती काय करते?"

वहिनी दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मी म्हटलं, "बऱ्या आहेत. जेवल्या सकाळी."

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं," म्हणाले.

मग ते पायानं चपला चाचपायला लागले. पलंग उंच होता. पाय जमिनीवर इकडेतिकडे फिरत होता, चपलेला लागत होता, तिच्यावरून जात होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी खाली वाकलो, एक चप्पल बरोबर चढवली, मग बँडेज केलेल्या पायात दुसरी कशीबशी सरकवली.

"घातली का?" त्यांनी वरून विचारलं.

"घातली."

सिस्टरच्या दंडाला धरून ते उभे राहिले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मान ताठ, नजर समोर, वॉर्डच्या दाराकडे. तिसऱ्या पावलाला बँडेजच्या पायातली चप्पल सुटून मागं राहिली. त्यांना कळलं नाही. ते तसेच पुढं चालत राहिले, हळूहळू, आणि मी ती चप्पल हातात घेऊन त्यांच्या मागून निघालो.